आईनं रंगवलेला पट्टा

माझ्या आईच्या हातांची नखं बारा महिने काळी असत. मेंदी रंगावी तशी नव्हे, अगदी कोळसा उगाळल्यासारखी. वर्ध्याला आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर खादीचा एक कारखाना होता, त्याच्या रंगशाळेत ती कामाला होती. तांबडा, पिवळा, निळा सगळे रंग तिला येत, पण तिचा हात बसला होता तो काळ्यावर. तिच्यासारखा काळा वर्धेत कोणाला जमत नाही, असं तिथले मॅनेजरही म्हणत. आणि हा काळा रंग पुडीतून येत नसे. तो आमच्या मागच्या अंगणात, लिंबाखाली, एका मोठ्या मडक्यात तयार व्हायचा. जुने खिळे, बैलांचे झिजलेले नाल, तुटक्या कुलपांचे तुकडे असं सगळं मडक्यात टाकायचं, वरून पाणी आणि गूळ, आणि तोंडाला फडकं बांधून वीस-बावीस दिवस विसरून जायचं. विसरायचं म्हणजे काय, त्याचा वास कोणाला विसरू देत नसे! उन्हाळ्यात तर पाहुणे अंगणातूनच परत फिरत. मडक्यासाठी गूळ फोडताना आई एक खडा मडक्यात टाकायची आणि एक माझ्या तोंडात. "याले बी लागते अन् तुले बी लागते," म्हणायची. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कापड त्या लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की बघता बघता काळं पडायचं. लहानपणी मला ती जादूच वाटे.

हे मी एवढं लांबण लावून सांगते, कारण लोक मला अजून विचारतात की बाई, ब्लॅक बेल्ट म्हणजे नेमकं काय हो? मी जन्मभर शाळेत व्यायाम शिकवला, माझ्या नावापुढं ‘ब्लॅक बेल्ट, पहिली डॅन’ असं हेडमास्तरांनी मोठ्या हौसेनं पाटीवर लिहून घेतलं होतं. तेव्हा मी काहीतरी ठरावीक उत्तर ठोकून द्यायची. खरं उत्तर द्यायचं तर मडक्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा वेळ कोणाला असतो?

मधुकर म्हणजे माझा दादा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे वडनेरकडचे. दादा आयटीआय करून मुंबईकडे एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथंच कराटे शिकायला लागला. सुटीत घरी आला की अंगणात उघड्या पायांनी हातपाय झाडायचा. "इची, नी, सान, शी" असे जपानी आकडे मोजायचा, आणि शेजारच्या यमुनाकाकू आईला हळूच विचारायच्या, "काऊन वं, पोराले कोन्या बाबाचा मंतर देला का?" पांढऱ्या पट्ट्यापासून चढत चढत तो तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचला होता. त्यानंतर काळा. काळ्याच्या परीक्षेची तारीख लागली, फॉर्म भरून झाला, आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. सकाळी विहिरीवर गेले ते तिथंच बसले, उठलेच नाहीत. तार मिळाली तसा दादा निघाला. बाबांचं तेरावं झालं, आईनं अंथरूण धरलं, मी शाळेतली सहावीतली पोरगी. दादानं मुंबईच्या खोलीतली पेटी मित्राकरवी मागवून घेतली आणि इथं कापसाच्या एका जिनिंगमध्ये नोकरी धरली. परीक्षेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. खरं सांगायचं तर आम्हाला ते कळलंच नव्हतं की त्याचं काही राहून गेलं आहे.

नगरपालिकेच्या शाळेमागं मोकळं मैदान होतं. तिथं दादानं पोरं शिकवायला सुरुवात केली. आधी मी, मग गल्लीतले चार पोट्टे, मग दहा. सकाळी सहाला वर्ग. आई रात्रीच हरभरे भिजत घालायची आणि वर्ग सुटला की सगळ्यांना मूठ मूठ द्यायची. पावसाळ्यात त्या काळ्या मातीचे गोळे तळपायांना चिकटायचे, लाथ मारली की समोरच्याच्या अंगावर चिखल. दादा रागवायचा नाही. कोणी चुकलं तर फक्त म्हणायचा, "पुन्हा करून पाय." शंभरदा चुकलं तरी पुन्हा करून पाहा, एवढंच. मी पुढं एवढी वर्षं मास्तरकी केली, पण एवढा धीर माझ्यात कधी आला नाही. मी तापट. पोरींच्या वेण्या ओढायला कमी केलं नाही मी.

एक दिवस आई कामावरून फणफणत आली. पिशवी आपटली, पाणीसुद्धा प्यायली नाही. रंगशाळेतल्या कोण्या बाईनं तिला म्हटलं होतं, की तुझ्या मधूचा पट्टा तर बदामी आहे, मोठ्या मास्तरचा काळा असतो, मग आमचं पोरगं त्याच्यापाशी काऊन शिकन? आईला त्यातलं एवढंच समजलं की पोराला रंगावरून कोणी कमी लेखलं. "बदामी म्हनते! रंगाचं मले सांगते! अवं, काळा पाहिजे तं काळा देईन ना मी माह्या लेकाले." दादा पाळीवर होता. पट्टा खुंटीला होता. आईनं तो काढला, हिरड्याच्या पाण्यात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मडक्याचं फडकं सोडलं. मी काठीनं ढवळत होते. एकदा बुडवला, वाळवला. तिच्या मनासारखा झाला नाही. पुन्हा बुडवला. असा चारदा. एरवी तीच सांगायची की लोखंडाचं पाणी जास्त झालं की ते कापड खातं, दोनदाच्या वर बुडवू नये. पण त्या दिवशी तिला काळा म्हणजे काळाच हवा होता. बाबा गेल्यापासून तिला मी अशी पदर खोचून, गुणगुणत काम करताना पाहिलं नव्हतं.

दादा संध्याकाळी आला. तारेवर पट्टा लोंबत होता. तो सायकल धरून तसाच उभा राहिला. आई म्हणाली, "पाय बरं, चार डाव बुडवला, कसा बसला रंग!" आणि हसली. दीड वर्षानं हसली. दादानं सायकल भिंतीला टेकवली, पट्टा हातात घेतला, बोटांत चोळून पाहिला, आणि म्हणाला, "मस्त बसला, आई." त्या दिवशी आईनं पातोडीचा रस्सा केला होता. दादा पोटभर जेवला. जेवण झाल्यावर मी त्याच्यामागं विहिरीपर्यंत गेले. तिथं तो मला म्हणाला, "कुसे, हा पट्टा असा नसते वं कोनी देत. परीक्षा देऊन घ्या लागते." मी म्हटलं, मग आईला सांग ना. तो विहिरीत बघत म्हणाला, "कसं सांगू? तू पायलं ना तिले आज?"

मी पाहिलं होतं. म्हणून मीही सांगितलं नाही.

दादा स्वतःच्या तोंडानं कधी कोणाला ‘मी ब्लॅक बेल्ट’ असं म्हणाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण पट्टा कमरेला होता आणि लोकांना डोळे होते. वर्ग दहाचा चाळीस झाला. सव्वीस जानेवारीला नगरपालिकेच्या शाळेच्या हेडमास्तरांनी ध्वनिक्षेपकावरून ‘आपले ब्लॅक बेल्ट मधुकरराव’ असं जाहीर केलं तेव्हा सगळ्या मैदानानं टाळ्या पिटल्या आणि दादा पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत उभा होता. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांची पूजा व्हायची. पाटावर विळा, कुऱ्हाड, आईची रंगाची काठी, दादाचे पाने, आणि आता त्यांच्यासोबत घडी करून तो पट्टा. आई त्याला हळदकुंकू वाहायची, आपट्याचं पान ठेवायची. दादाला पाया पडायला लावायची. तो पडायचा.

मी सतरा वर्षांची झाले तोवर माझा तपकिरी पट्टा झाला होता. मधल्या सगळ्या परीक्षांना दादा मला नागपूरला घेऊन जायचा, तिथल्या वर्गात, साधा शर्ट-पँट घालून, पोरीचा भाऊ म्हणून. काळ्याची परीक्षा मात्र मोठी होती. मुंबईहून परीक्षक येणार होते. जाण्याच्या आदल्या दिवशी आईनं माझ्या कपड्यांसोबत दादाचा गणवेश आणि तो पट्टाही धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवला. दादानं हळूच काढला. आईनं पुन्हा ठेवला. "त्या मोठ्या मास्तरले दिसू दे ना, माहा लेक बी मास्तर हाय म्हून!" सकाळच्या एसटीनं निघालो. सेलू मागं पडलं तरी दादा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होता.

नागपूरला तो हॉल, बापा! पत्र्याचं छत, बाहेर ऊन नुसतं ओकत होतं, आणि आत शंभर-दीडशे माणसं पांढऱ्या कपड्यांत. प्रत्येक पोरासोबत त्याचा मास्तर, आणि प्रत्येक मास्तरच्या कमरेला काळा पट्टा. माझा दादा तेवढा शर्ट-पँटमध्ये, हातात कापडी पिशवी. मला लाज वाटली. हे लिहिलंच पाहिजे. मला माझ्या दादाची लाज वाटली. मी म्हटलं, "दादा, घाल ना तू बी. सगळ्यांच्या मास्तरांनी घातला." तो म्हणाला, "नको वं." मी तोंड फुगवलं. मी तोंड फुगवलं की दादाचं काही चालत नसे, हे मला चांगलं ठाऊक होतं. तो मागं जाऊन कपडे बदलून आला. पट्टा बांधून आला. आणि माझी मान ताठ झाली.

टेबलापाशी नावं घेत होते. फॉर्मवर एक रकाना होता, शिकवणाऱ्याची डॅन, म्हणजे काळ्या पट्ट्यातली श्रेणी, आणि प्रमाणपत्राचा नंबर. बाकीचे भराभर सांगत होते, पहिली डॅन, दुसरी डॅन, अमुक नंबर. आमची पाळी आली. लिहिणाऱ्या माणसानं मान वर न करता विचारलं, "नंबर?" दादानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा विचारलं. दादा म्हणाला, "नंबर नाही माझा. मी तपकिरी पट्ट्याचा आहे." त्या माणसानं आता मान वर केली आणि दादाच्या कमरेकडं पाहिलं. "मग हा कुठून आणला?" मागं रांग थांबली होती, सगळे कान टवकारून. दादाच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यानं पट्ट्याच्या गाठीवर हात ठेवला. मला वाटलं याला चोर समजतील, आणि मी मध्येच ओरडले, "चोरला नाई! आमच्या आईनं रंगवला!"

झालं. सगळा हॉल हसला. हसत राहिला. "आईनं रंगवला म्हनते बे!" असं एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि ज्यांना ऐकू गेलं नव्हतं तेही हसले. वाचवायला गेले आणि मीच बुडवलं. आज पन्नाशी-साठी उलटून गेली, तरी कुठं लग्नात-बिग्नात माणसं एकदम हसली की मी उठून बाहेर जाते.

परीक्षक उठून आले. म्हातारे, बुटके, चालताना एक पाय ओढणारे. त्यांनी हात वर केला तसा आवाज बंद झाला. त्यांनी दादाच्या पट्ट्याचं टोक हातात घेतलं, आई रंग बघताना चोळायची तसंच बोटांत चोळलं. मग विचारलं, "या मुलीला कोणी शिकवलं?" दादा म्हणाला, "मी." "पहिल्यापासून?" "हो." मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "काळा पट्टा बांधला की सगळं आलं, असं तुम्हाला वाटतं. पहिल्या डॅनचा अर्थ माहीत आहे का कोणाला? पहिली पायरी. एवढाच. हा माणूस आता शिकायला लायक झाला, त्याचं नाव शाळेत घातलं. पुढच्या डॅनसुद्धा तो किती मोठा झाला ते सांगत नाहीत, किती दिवस टिकून राहिला ते सांगतात." आणि दादाकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "हा पट्टा सोडा. मी तुम्हाला दुसरा देतो, तपकिरी. मुलीची परीक्षा माझ्या जबाबदारीवर घेतो. आणि तुम्हीही द्या. आत्ता. तिच्या शेजारी उभे राहा."

दादानं माझ्याकडं पाहिलं.

केवढा वेळ पाहिलं असेल? दोन श्वास, तीन श्वास. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. त्याला उभं राहायचं होतं. सहा वर्षांपूर्वी राहिलेलं त्याच्यासमोर ताटात वाढून आलं होतं, आणि त्याला फक्त कोणीतरी ‘दे ना दादा’ म्हणायला हवं होतं. तिथं त्याचं म्हणावं असं माणूस मी एकटी होते. आणि मी काय केलं? मी खाली बघून माझा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. चांगला बांधलेला पट्टा. लोक नुकतेच हसले होते. तो माझ्या शेजारी पोरासोरांत उभा राहिला तर पुन्हा हसतील, आणि आता मलाही हसतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी गाठ मारत राहिले. वरून दादाचा आवाज आला, "नको सर. हिचीच घ्या."

त्यानं पट्टा सोडला, घडी केली, पिशवीत ठेवला आणि भिंतीशी रांजणाजवळच्या बाकावर जाऊन बसला. माझी परीक्षा तीन तास चालली. मी एकदाही चुकले नाही. तो सगळा वेळ त्याचे ओठ हलत होते, इची, नी, सान, शी. माझ्यासाठी मोजत होता.

परतताना सेलूच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यानं खाली उतरून माझ्यासाठी कागदात बांधून गरम आलूबोंडे आणले. "खा, पयल्या नंबरची पोरगी तू माही." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आईले नको सांगजो." मी मान हलवली. घरी पोचलो तर आई दारातच. माझा नवा पट्टा तिनं हातात घेतला, उजेडात धरला, नखानं खरवडला आणि नाक मुरडलं. "कच्चा हाय वं रंग. उन्हात उडन. माह्या मधूचा पाय, त्याले म्हनते काळा!" दादा मोठ्यानं हसला. आईला ते हसू खरं वाटलं. मला ते ऐकवेना, मी पाय धुवायचं निमित्त करून अंगणात गेले.

पुढच्या सोमवारी दादानं वर्ग बंद केला. जिनिंगमध्ये डबल पाळी लागली म्हणाला. पोट्टे आठवडाभर सकाळी सहाला मैदानावर येऊन उभे राहायचे, एकमेकांना लाथा मारायचे आणि घरी जायचे. मग तेही यायचे थांबले. मी म्हटलं मी शिकवते, तर म्हणाला शिकव. पण दादा नसलेल्या त्या मैदानावर माझा पाय टिकला नाही. आईनं हरभरे भिजवणं सोडलं. दसऱ्याला मात्र पट्टा पाटावर यायचाच, वर्षानुवर्षं, आई होती तोवर. दादा पाया पडायचा आणि माझ्याकडं बघायचा नाही. मला माझ्या काळ्या पट्ट्याच्या जोरावर शाळेत नोकरी लागली, मान मिळाला, घर झालं. दुसऱ्या डॅनची परीक्षा मी कधीच दिली नाही. फॉर्म दोनदा आणला, दोनदा फाडला.

आई गेली त्या वर्षीच्या दसऱ्याला मी तिची पेटी उघडली. माझा पट्टा तोवर विटून तांबूस झाला होता, तिनं सांगितलं होतं तसाच. तिनं रंगवलेला अजून काळाकुट्ट. पण घडी उलगडायला गेले तर तो घडीवरच तुटला. दुसरीकडं धरला, तिथंही तुटला. चार वेळा बुडवला होता ना. लोखंडानं सगळं सूत आतून खाल्लं होतं. मी ते तुकडे तसेच फडक्यात बांधून ठेवले आणि दादाला पूजा झाली म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी दादाला सावंगीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हृदयाचं दुखणं, वयही झालं होतं. मी दुपारी डबा घेऊन जायची, कण्या आणि ताक, एवढंच त्याला जायचं. एक दिवस बरा होता, उशीला टेकून बसला होता. मी चमचा बाजूला ठेवला आणि इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारूनच टाकलं. "दादा, त्या दिवशी नागपूरले मी ‘दे’ म्हटलं असतं, तं तू देली असती का परीक्षा?"

त्यानं पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाला, "तुह्याच तोंडाकडे पाहून राह्यलो होतो ना वं मी."

मी रडले. चारचौघांत, नर्सच्या समोर, साठीची बाई मी, लहान पोरीसारखी रडले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती हलका झाला होता! "जाऊ दे," म्हणाला. "तू पोट्टी होती. मोठा तं मी होतो." मग त्यानं विचारलं, "आईचा पट्टा हाय ना जपून? रंग नाई ना उतरला?"

"नाई दादा," मी म्हटलं. "जसाचा तसा काळा हाय."

ते खरंच होतं. रंग उतरला नव्हता. बाकीचं मी त्याला सांगितलं नाही. तो समाधानानं मान हलवून म्हणाला, "चार डाव बुडवला होता तिनं," आणि तोंड उघडलं. मी चमचा उचलला आणि उरलेल्या कण्या त्याला भरवल्या.